नदाफसरांचे आकडे

नदाफसरांचा फोन दुसऱ्यांदा वाजलेला आमच्या बँकेत कुणी ऐकलेला नाही. पहिली घंटी अर्धी होते न होते तोच फोन कानाला लागलेला असतो आणि सर उभे राहिलेले असतात. खरं तर ते आधीच उभे असतात, तरीही फोन आला की आणखी थोडे उभे राहतात. विजापूर वेशीतल्या सलूनमधून ते एकदा गळ्यातल्या टॉवेलसकट रस्त्यावर आले होते आणि अर्ध्या गालावर फेस वाळत असताना माळशिरसच्या शाखेला पासवर्ड कसा बदलायचा ते सांगत होते. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात तर भर पंगतीत फोन आला. उजवा हात वरणभातात होता, म्हणून त्यांनी डाव्या हातानं घेतला आणि बोलत बोलत मांडवाबाहेर गेले ते थेट बँकेत पोचले. त्यांच्या पानातली जिलेबी मी खाल्ली.

मैनुद्दीन नदाफ हे आमच्या बँकेच्या संगणक विभागाचे प्रमुख. बँक सहकारी आहे, सोलापुरातलीच आहे, नाव सांगत नाही. विभागात माणसं दोन. एक प्रमुख आणि दुसरी मी, अर्चना बनसोडे. त्यामुळे सरांना हुकूम सोडायला मी एकटीच होते आणि त्यांनी त्यात कसूर केली नाही. चारचौघांत मी "बनसोडे म्याडम" आणि "तुमी". खोलीत दोघंच असलो की "बेटा" आणि "तू". वय सत्तावन्न, अंगानं काडी, शर्टाला दोन खिसे. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर "राहून गेलं की" एवढंच म्हणतात, जणू काही दळण आणायचं राहून गेलं.

बसणं हा प्रकार त्यांना माहीत नाही. त्यांच्या खुर्चीवर त्यांची पिशवी बसते. सर दारापासून पाण्याच्या फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालतात, आणि तेवढ्यात माझ्या मागून जाताना पडद्यावर नजर टाकून "हितं चुकलीस" म्हणतात. पहिल्या महिन्यात माझी मान दुखायला लागली. दुसऱ्या महिन्यात डोकं.

त्यांचा सगळा जीव वेबहूकमध्ये. हे वेबहूक म्हणजे काय ते मला नोकरीला लागल्यावरही कळलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकात सगळंच असतं. सरांनी ते येरझाऱ्या घालता घालता समजावलं.

"हूक म्हंजे आकडा. तारेवर आकडा टाकलेला बघितलीस का न्हाई कधी?"

"बघितलाय की, सर. गावाकडं सगळ्यांच्या घरावर."

"तसंच हाय हे. तिकडं घटना झाली की तिकडनं तार जाते. आपण आपला आकडा टाकून ठेवायचा. तिकडं काय झालं की हितं दिवा लागतो. डोळे फाडून बघत बसायची गरज न्हाई."

सरळ सांगायचं तर असं. बँकेत एक सुरक्षा यंत्रणा आहे. कुणी दुसऱ्याच्या नावानं शिरायचा प्रयत्न केला, कुठल्या यंत्रात काही घाण आली, कुणी शाखेतून तक्रार लिहिली, की तिथं एका घटनेची नोंद होते. पूर्वी ती नोंद वाचायला माणूस बसायचा, मग तो रजिस्टर काढायचा, मग फोन शोधायचा. सरांनी तिथं आकडे टाकले. नोंद झाली की यंत्रणा आपणहून निरोप पाठवते आणि पलीकडं कामांची माळ सुरू होते. खातं कुलूपबंद होतं, यंत्र जाळ्यातून तोडलं जातं, शाखाधिकाऱ्याला संदेश जातो आणि शेवटी ज्याची पाळी असेल त्याला फोन. फोनवर बाई सांगते, अमुक घटना, एक दाबा. एक दाबलं की काम मिटलं. ह्या एक दाबण्याला सर म्हणत 'पोच'.

पोच हा त्यांचा प्राण. निरोप कुणीही देतो, पोच मिळेपर्यंत तो निरोप नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. "चहा आलाय, सर" म्हटलं तर "पोचलं" म्हणणार. त्यांनी सांगितलेलं ऐकून मी नुसती मान हलवली तर त्यांना चालायचं नाही. "मान काय हलवतेस? तोंडानं पोच दे." संध्याकाळी जाताना ते वॉचमनला "येतो" म्हणत आणि तो "या सर" म्हणेपर्यंत फाटकात थांबत. वॉचमन एकदा बिडी पेटवत होता. सर थांबले. बिडी पेटली, एक झुरका झाला, मग पोच मिळाली.

माझी पाळी एका आठवड्याआड. आणि इथं माझा जीव टांगणीला होता. मी कंत्राटावर लागले होते. दोन वर्षांनी कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. जी. एम. साहेबांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, "तीन फोन चुकले तर चौथ्याची वाट बघायची नाही, बनसोडे." चुकलेला फोन यंत्रणेत लाल होतो आणि लालच राहतो.

फोनांची वाईट वेळ म्हणजे सकाळी सात ते नऊ. बँकेचा दिवस उघडायचं काम सातला सुरू होतं आणि आदल्या रात्रीचं साचलेलं सगळं एकदम वर येतं. आणि नेमकी तीच माझ्या घरात अंघोळीची वेळ. माझे बाबा चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होते. मी नोकरीला लागले त्याच्या आदल्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली. सकाळी आई पाणी घालायची आणि मी त्यांना धरून ठेवायची. दोन्ही हातांनी. मी सोडलं तर बाबा पडायचे, इतकं ते साधं होतं. पाळीच्या आठवड्यात फोन न्हाणीच्या खिडकीत ठेवलेला असायचा आणि माझे कान तिकडं. हे मी बँकेत कुणालाही सांगितलं नव्हतं. कंत्राटावरच्या माणसानं घरची गाऱ्हाणी सांगायची नसतात, एवढी अक्कल मला होती.

पण माझं नशीब असं की माझ्या आठवड्यात सकाळी फोन यायचाच नाही. दुपारी यायचे, तेव्हा मी टेबलाशीच असायची. सकाळी चिडीचूप. सरांच्या आठवड्यात मात्र सोमवारपासून रांग. बँकेत बोलबाला झाला. "बनसोडेचा पायगुण आहे," असं कॅशमधल्या बायका म्हणायच्या. मीही हळूहळू मानायला लागले. सर फिल्टरकडून दाराकडे जाताना म्हणायचे, "पायगुणच की. दुसरं काय."

पायगुणाचा प्रश्न सरांना नव्हता, कारण त्यांचे स्वतःचे ग्रह नेहमीच फिरलेले. आकड्यांचीच गोष्ट घ्या. आमचे एक संचालक माळशिरसकडचे, ऊसवाले, बैठकीला आले होते. जिन्यात त्यांनी नदाफसरांना फोनवर बोलताना ऐकलं. सर केमच्या शाखेला मोठ्यानं सांगत होते, "पहाटे केमला आकडा लागला, माळशिरसला न्हाई लागला. काळजी करू नका, आज सगळ्यांचा लावून टाकतो."

संचालक तडक जी. एम. साहेबांच्या केबिनमध्ये. "आवं साहेब, तुमचा ह्यो माणूस हापिसात बसून मटका लावतोय की!"

साहेबांनी सरांना बोलावलं. मीही मागे गेले, कारण विभागात दोनच माणसं. सर म्हणाले, "मटका न्हाई साहेब. आकडा. तारेवर टाकतात तो." संचालकांचा चेहरा आणखी पडला. "म्हंजे वीजचोरी?" साहेबांनी कपाळाला हात लावला. सरांना काही समजेना, कारण त्यांच्या दृष्टीनं सगळं स्वच्छ होतं. शेवटी त्यांनी संचालकांना त्यांच्याच खात्यावर तीन वेळा चुकीचा पासवर्ड टाकायला लावला. तिसऱ्यांदा टाकला आणि संचालकांचं खातं म्हणून थेट साहेबांच्या टेबलावरचा फोन खणाणला. "एक दाबा साहेब, एक दाबा!" सर ओरडले. साहेबांनी दाबलं. संचालक खूश. "लई भारी हाय की हे!" मग त्यांना आपलं खातं उघडून बघायचं होतं, पण ते आता कुलूपबंद झालं होतं आणि उघडायला रीतसर अर्ज, कारण आणि मंजुरी लागते. सरांनी त्यांना अर्ज दिला. संचालकांना.

कारण आणि मंजुरी हे सरांचं दुसरं वेड. माळेतली एक कडी जरी हलवली तरी कारण लिहायचं आणि दुसऱ्यानं मंजूर करायचं. मी एकदा एका संदेशातला स्वल्पविराम काढला आणि कारण लिहिलं, 'उगीच'. सरांनी नामंजूर केलं आणि दारापासून फिल्टरपर्यंत मला सुनावलं. "उगीच हे कारण न्हाई. उद्या मी मेलो तर मागच्या माणसाला कळाय पायजे की नको, हितं का हात लावला?" मी पुन्हा लिहिलं, 'स्वल्पविराम अनावश्यक'. मंजूर झालं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की त्या दिवशी मी त्यांना एकाही गोष्टीची पोच दिली नाही.

मैंदर्गीच्या सापाचं तर अजून नाव काढलं की ते खोलीबाहेर जातात. शाखांतले लोक तक्रारी मराठीत लिहितात, म्हणून सरांनी यंत्रणेला मराठी शब्द शिकवले होते. तक्रारीत 'शिरला' किंवा 'घुसला' आलं, की परका कुणीतरी आत आला असं समजून ती शाखा जाळ्यातून तोडायची. ह्या नियमाचा त्यांना भारी अभिमान. एके दुपारी, माझ्या पाळीच्या आठवड्यात, मैंदर्गीहून नोंद आली. 'शाखेत शिरला आहे. कपाटामागे असावा. दिसत नाही, पण हालचाल जाणवते.' माळ सुरू झाली. मैंदर्गी तुटली. अख्खी शाखा तुटली की सगळ्यांनाच फोन जातो, म्हणून साहेबांना फोन, मला फोन, सरांना फोन. मी एक दाबलं. सर खोलीभर धावत होते. "बघितलीस? हालचाल जाणवते म्हणतोय! हुशार माणूस हाय कारकून!"

मी मैंदर्गीला फोन लावला. तिथला कारकून घरी कन्नड बोलणारा, त्याची मराठीही त्याच चालीची. "म्याडम, नेट गेलं वो एकदम. अन् साप हाय तितंच."

"साप?"

"व्हय. लिहिलोय की मी. साप लिहायचं राहिलं काय?"

त्या दिवसापासून नियमाला पुरवणी जोडली गेली. साप, विंचू, माकड आणि पावसाचं पाणी शिरल्यास शाखा तोडू नये. कारण लिहिलं होतं, 'मैंदर्गी'. मंजुरी मी दिली, आणि देताना बराच वेळ घेतला.

असं करत दोन वर्षं गेली. मला कायम केलं. पत्रात साहेबांनी लिहिलं होतं की एकही फोन चुकला नाही. कॅशमधल्या बायकांनी पायगुणाला पेढे मागितले. सरांनी पेढा उभ्यानंच खाल्ला, "पोचलं" म्हणाले आणि फिल्टरकडे गेले.

त्याच्या पुढच्या महिन्यात जुनी यंत्रणा जाऊन नवी आली. सरांचे सगळे आकडे नव्या यंत्रणेत जसेच्या तसे उतरवायचे होते. ते काम माझं. एकेक माळ उघडायची, एकेक कडी वाचायची, कागदावर मांडायची. कंटाळवाणं काम, पण मला आवडत होतं, कारण सर त्या दिवसांत केमला गेले होते आणि माझ्या मागून कुणी जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या पाळीची माळ उघडली. शेवटी फोनाच्या आधी एक कडी जास्त होती. सरांच्या पाळीत ती नव्हती. मी दोनदा वाचली. त्यात लिहिलं होतं, पाळी बनसोडे असल्यास आणि वेळ सकाळी सहा ते नऊ असल्यास प्रथम नदाफ यांना फोन. नदाफ यांनी दोन मिनिटांत पोच न दिल्यासच बनसोडे यांना.

कारणाचा रकाना रिकामा होता. मंजुरीचाही.

मी जुन्या नोंदी काढल्या. माझे सगळे आठवडे, दोन वर्षांचे. सकाळी सात दहा, नदाफ, पोच. सात चाळीस, नदाफ, पोच. आठ पाच, नदाफ, पोच. पानंच्या पानं. प्रत्येक ओळीत पहिल्या घंटीला. माझ्या पायगुणाच्या सगळ्या सकाळी सर एकटे जागेवर उभे होते, स्वतःच्या पाळीला लागोपाठ. आणि मी त्यांना विचारायची, "तुमची पाळी नसताना एवढे कशाला पेंगुळलेले असता हो सर?" मला तिथं बसवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी उठून दारापासून फिल्टरपर्यंत गेले.

त्यांना कळलं कसं, हेही तेव्हाच ध्यानात आलं. मी लागले त्याच आठवड्यात ईदला ते आमच्या मिलिंदनगरच्या घरी शीरखुर्म्याचा डबा द्यायला आले होते. उभेच होते, पाच मिनिटं. बाबांशी बोलले. न्हाणीच्या दारात पाय कापून बुटकी केलेली प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्याकडे बघून त्यांनी आईला विचारलं होतं, "अंघोळ सकाळचीच का?" मला वाटलं होतं, काय भोचक माणूस आहे.

सोमवारी सर आले. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे काय आहे, सर?"

त्यांनी न थांबता बघितलं. "जुनं हाय ते. टेस्टिंगचं."

"दोन वर्षं टेस्टिंग?"

"काढायचं राहिलं असंल की."

"कारण लिहिलेलं नाही, सर. मंजुरी नाही. मला स्वल्पविरामाचं कारण लिहायला लावलं होतं तुम्ही." माझा आवाज चढला होता. मला रडू येत होतं आणि म्हणून मी भांडत होते.

सर फिल्टरपाशी थांबले. मग परत आले, खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि बसले. दोन वर्षांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा बघत होते. बसल्यावर ते एकदम म्हातारे दिसले.

"अब्बा दवाखान्यात हुते माझे," ते म्हणाले. "गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे. छातीत कापूस बसलेला. मी बशीनं चहा पाजत हुतो. ते कायतरी बोलाय लागले आन् फोन वाजला. मी असा हात केला." त्यांनी पंजा वर केला, थांबा म्हणतात तसा. "आत रेंज नव्हती, म्हणून बाहेर गेलो. दहा मिन्टं लागली. आलो तर अब्बा गेलते."

मी पडदा परत माझ्याकडे वळवला.

"काय सांगत हुते ते कळलंच न्हाई मग."

"फोन कशाचा होता, सर?" हे विचारायला नको होतं, पण विचारून गेले.

"शाखेतला एक कारकून. तीनदा पासवर्ड चुकला त्याचा. चष्मा घरी इसरला हुता." ते थोडं हसले. "त्याचा काय दोष? आता घरात मी एकटा. माझे हात मोकळेच हायत, बेटा. तुझे गुतलेले हुते. मोकळ्या हातानं फोन घ्यावा, एवढंच की."

मग त्यांचा फोन वाजला. पहिल्या घंटीला ते उठले आणि बोलत बाहेर गेले.

त्या दुपारी मी नव्या यंत्रणेत माझी माळ लावली. ती कडी काढून टाकणार होते. मी कायम झाले होते, लाल नोंदीची भीती उरली नव्हती, आणि कुणाच्या तरी उपकारावर किती दिवस काढायचे? हात तिथंच थांबला. बाबांना अजून धरावंच लागतं. शेवटी सहा ते नऊ खोडून मी सात ते आठ एवढा एकच तास ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बाबांची अंघोळ'. आणि मंजुरीसाठी सरांकडे पाठवलं.

पाच मिनिटांत मंजुरी आली. पण वेळ बदललेली होती. सातच्या जागी पावणेसात होतं आणि खाली सरांचा शेरा होता, 'पाणी तापायला वेळ लागतो'.